कंपाउंडरचा उंट

दवाखान्याला एक खिडकी आहे, जेमतेम हात बाहेर येईल एवढी. त्या खिडकीतून कंपाउंडर गेली पस्तीस वर्षं जगाकडे बघत आले आहेत, आणि जगाने त्यांना बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला आहे: "जेवणाआधी की जेवणानंतर?"

नव्या पाटीवर त्यांचा हुद्दा 'औषध सहायक' असा लिहिला आहे. पाटी लागून नऊ वर्षं झाली. त्या नावाने आजवर एकाच नव्या पेशंटने हाक मारली, तेव्हा हे कोण आलंय म्हणून कंपाउंडरांनी स्वतःच मागे वळून पाहिलं.

पूर्वी त्यांचं काम पुड्यांचं होतं. मोठे डॉक्टर, म्हणजे आताच्या डॉक्टरांचे वडील, चिठ्ठी लिहायचे. कंपाउंडर खलात औषध घोटायचे, काट्यावर तोलायचे आणि कापून ठेवलेल्या कागदांवर ओळीने ढिगल्या मांडायचे. मग घड्या सुरू. लांब कडा एकमेकींवर आणून दोनदा दुमड, दोन्ही टोकं मागे, एक कोपरा आत, एक टोक दुसऱ्याच्या पोटात, आणि वरून अंगठ्याचा दाब. पेशंटने खोकून घ्यावं तेवढ्यात पुडी तयार. ती खिशात राहायची, पिशवीत लोळायची, पण आपण होऊन उघडायची नाही. एक पुडी तर शर्टाच्या खिशातून धुण्याच्या बादलीत गेली आणि दोन पाण्यांतून मिटलेलीच बाहेर आली. आत औषधाचा खडा झाला होता, पण कण सांडला नव्हता.

पुढे गोळ्या चंदेरी पट्ट्यांतून येऊ लागल्या. खलात पेनं ठेवायला लागले, काटा कपाटावर चढला. बोटांचं काम कात्रीने घेतलं. दहाच्या पट्टीतून सहा गोळ्या कापून द्यायच्या, पाचाच्या पट्टीतून तीन. कात्री कोटाच्या वरच्या खिशात. खिडकीशी कुणी 'आधी की नंतर' विचारलं, की हात खिशात, कात्री बाहेर, कर्र्. तोंड उत्तर द्यायचं, हात कापायचा, आणि दोघांची एकमेकांशी ओळख असल्याचं काही दिसायचं नाही.

या शांत संसारात ओरिगामी शिरली ती बीपीच्या आजींमुळे. आजी ऐंशीच्या आहेत. महिन्यातून एकदा बीपी तपासायला येतात आणि उरलेला महिना ते बरोबर तपासलं होतं का हे विचारायला. एका दुपारी त्यांनी नवी गोळी खिडकीतून परत आत सरकवली.

"अरे कंपाउंडर, याने झोप येते का, ते आतल्या कागदात वाचून सांग."

खोक्यातला तो कागद आजवर कुणी उघडला नव्हता. कंपाउंडरांनी उघडला. उघडत गेले. शेवटी कागद उशीच्या अभ्र्याएवढा झाला आणि त्यावर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलेलं निघालं, की या गोळीने झोप येऊ शकते, तसंच झोप उडूही शकते. आजींचं समाधान झालं. मग कंपाउंडर कागद मिटून परत खोक्यात घालायला लागले, आणि तो जाईना.

आडवा मिटला, जाईना. उभा मिटला, खोक्याला पोट सुटलं. ज्या माणसाच्या हातून सहा-सात लाख पुड्या गेल्या असतील, त्याला एक चिटोरा दाद देईना.

"राहू दे रे," आजी म्हणाल्या, "दे कसाही कोंबून."

कोंबून! हा शब्द त्यांना लागला. आजींना दुसरं खोकं दिलं आणि तो कागद ते घरी घेऊन गेले.

घरी बायको शिलाई मशीनवर होती. ती बायकांचे कपडे शिवते आणि तिच्या कामाला ती कधीच छंद म्हणत नाही. कंपाउंडरांनी जमिनीवर कागद पसरला, जुन्या घड्यांच्या रेघांवरून बोट फिरवलं, आणि पाऊण तासाने ओरडले, "अगं, सापडलं! आधी एका दिशेने, एकदा पुढे, एकदा मागे, एकदा पुढे, एकदा मागे. सगळं संपलं की मग दुसऱ्या दिशेने!"

बायकोने सुईत दोरा ओवत खाली पाहिलं. "याला आमच्यात चुण्या म्हणतात."

पण आता कंपाउंडर थांबणार नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी अकरा औषधांचे कागद उघडले आणि अकराही परत बसवले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की हा कागद पातळ आहे, चिवट आहे, घडी धरतो आणि शंभरदा उलटसुलट केला तरी फाटत नाही. वाचण्याखेरीज कशालाही तो उत्तम आहे. चौथ्या दिवशी ते ग्रंथालयात गेले आणि कागदाच्या घड्यांचं पुस्तक घेऊन आले. पुस्तक जपानी होतं. पस्तीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचलेल्या माणसाला ते त्या मानाने सुवाच्य वाटलं.

महिन्याभरात खिडकीच्या काचेमागे बगळा, कासव, पेंग्विन आणि काहीतरी चार पायांचं, असे उभे राहिले. प्रत्येकाच्या पोटावर 'थंड व कोरड्या जागी ठेवा' असं वाचता यायचं.

आणि मग ते वाटायला लागले. माणूस एकटा वेडा झाला तर घरच्यांना त्रास होतो. कंपाउंडरांनी आम्हा सगळ्या पेशंटांना सोबत घेतलं. बाकांवर बसून खोकणं, समोरच्याचं खोकणं ऐकणं आणि भिंतीवरचं जठराचं चित्र बघणं, एवढीच आमची करमणूक होती. आता खिडकीतून चौकोनी कागद यायचे आणि पाठोपाठ आवाज यायचा, "कोपऱ्यावर कोपरा. घाई नाही. नखाने दाबा. दाबलं? शाब्बास. आता उलटा." ज्यांच्या पाठीत उसण भरली होती ते पुढे वाकून घड्या घालत होते. ज्यांना दम लागत होता ते दम न घेता शेजाऱ्याला समजावत होते. एका गृहस्थांचा ताप तर त्यांचा बगळा उडाला त्या क्षणी उतरला, असं ते स्वतः सांगतात. डॉक्टरांनी ते नोंदवून घेतलेलं नाही.

आजींचा हात थरथरतो, तरी त्यांनी होडी केली. होडीही थरथरल्यासारखी झाली, पण ते पाण्यात शोभून दिसतं, असं कंपाउंडर म्हणाले.

"गोड बोलू नकोस," आजी म्हणाल्या. "पहिल्या वर्षी माझ्या पोरीच्या खोकल्याची पुडी पिशवीत उघडली होती, विसरले नाही मी. निम्मं औषध माझ्या चाव्यांनी खाल्लं!"

"त्यानंतर कधी उघडली का आजी?"

"नाही उघडली. पण ती उघडली होती ना!"

उत्साहाला आवर नसला की तो कामात घुसतो. दवाखान्यात नंबरासाठी पत्र्याचे बिल्ले होते. कंपाउंडरांना ते रूक्ष वाटू लागले. एका सोमवारी त्यांनी त्याऐवजी कागदाचे बेडूक वाटले, प्रत्येकाच्या पाठीवर नंबर. शेपटीवर बोट दाबून सोडलं की बेडूक वीतभर उडी मारायचा. आता बेडूक उडी मारतो हे एकदा माणसाला कळलं, की तो पुढच्या माणसाच्या बेडकाकडे बघणारच. साडेदहा वाजता बाकांमधल्या फरशीवर शर्यत सुरू झाली. पावणेअकराला डॉक्टरांनी आतून घंटी वाजवली आणि "सात नंबर" म्हणून हाक दिली, तर आत बारा नंबर गेला.

"सात नंबर कुठाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मागे राहिला डॉक्टर," बारा नंबर म्हणाला. "माझा दोन फरश्या पुढे होता."

डॉक्टर बाहेर आले. आमच्यापैकी सहा जण गुडघ्यांवर होते. त्यातले दोघे तर गुडघे दुखतात म्हणूनच आलेले होते. डॉक्टर चाळिशीचे आहेत. लहानपणी शाळा सुटली की ते खिडकीमागे कंपाउंडरांच्या स्टुलावर बसून गृहपाठ करायचे, त्यामुळे रागावताना त्यांना अडचण होते.

"काका," ते म्हणाले, "बगळे ठीक आहेत. पेंग्विन ठीक आहे. पण तब्येतीचा क्रम बेडकांनी ठरवायचा?"

"चुकलं डॉक्टर. उद्यापासून कासवं देतो."

"बिल्ले द्या, काका."

बिल्ले परत आले. त्या दिवशी सात नंबरवर असलेले गृहस्थ मात्र रागावले नव्हते. आपला बेडूक मागे का राहिला याचा ते फरशीवर बसूनच अभ्यास करत होते. हे ड्रॉइंगचे सर, शाळेतून निवृत्त झालेले. "मागच्या पायाची घडी अर्धा मिलिमीटर सरकलीय," त्यांनी खिडकीशी येऊन सांगितलं. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुम्ही संमेलनाला का येत नाही?"

कागदाच्या घड्या घालणाऱ्यांचं संमेलन भरतं, हे कंपाउंडरांना माहीतच नव्हतं. वर्षातून एकदा, ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये. सर त्याचे चिटणीस होते. त्यांनी पिशवीतून एक फॉर्म काढला. शिकवणाऱ्याला एक टेबल, चाळीस मिनिटं आणि समोर चाळीस माणसं. नियम तीन: कागद एकच, कात्री आणि डिंक वर्ज्य, आणि शिकवायची ती रचना स्वतःची. पुस्तकातली चालणार नाही. पसंत पडली तर ती रचनाकाराच्या नावासह संमेलनाच्या वहीत चढायची. वहीत आजवर एकतीस नावं होती.

"स्वतःची रचना आहे ना?" सरांनी विचारलं.

कंपाउंडरांकडे स्वतःची एकही रचना नव्हती. "आहे की," ते म्हणाले.

हे असं का बोललो, ते त्यांनी बायकोला जेवताना सांगितलं. "पस्तीस वर्षं मी वाटतोय. लिहिलं डॉक्टरांनी, बनवलं कंपनीने, मी खिडकीतून नुसता हात बाहेर काढला. घड्यासुद्धा जपानी माणसाच्या. एक तरी वस्तू अशी हवी, की कुणाची विचारलं तर माझी म्हणता येईल."

"किती दिवस आहेत?"

"बारा."

"मग जेवा आधी."

पुढच्या दिवसांत कंपाउंडरांनी कोणाचीही मदत न घेता पाकीट, होडी आणि चिमणी यांचा शोध लावला. तिन्ही अगोदरच लागलेले होते. पाचव्या दिवशी त्यांना वाटलं, घुबड नवीन असावं. ते जपानी पुस्तकाच्या पान चाळीसवर त्यांच्याकडेच बघत बसलं होतं. प्रत्येक नवी घडी घेऊन ते मशीनपाशी धावत, आणि बायको कापडावरून नजर न हलवता तिचं नाव सांगे. "याला आमच्यात टक म्हणतात." "ही कळी झाली." कोपरा कोपऱ्यात उलटा शिरवायची एक युक्ती त्यांना सकाळी दात घासताना सुचली आणि ते ब्रश तोंडात धरूनच दाखवायला आले. "कॉलरला करतो आम्ही हे," ती म्हणाली. "आधी चूळ भरून या."

नवव्या दिवशी उंट सापडला.

तो पित्तावरच्या गोळीच्या कागदातून निघाला. उंदीर करायला घेतला होता. पाठीवर कागद जास्त झाला आणि कुठे दडवायचा कळेना, म्हणून वर उचलला, तर मदार! कंपाउंडर उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. मान, तोंड, गुडघे, त्रेसष्ट घड्या. तोंड किंचित तिरकं आलं होतं, त्यामुळे उंट आपल्याला तुच्छ मानतो असं वाटायचं; म्हणजे अगदी खरा. बायकोने मदार उलटीसुलटी करून पाहिली.

"बॉक्स प्लेटची चुणी," ती म्हणाली. पण उंट तिने मशीनवर ठेवून घेतला, आणि तो तसा पहिलाच.

सरांनी तीन पुस्तकं आणि वही तपासली. असा उंट कुठेही नव्हता. कंपाउंडर उरलेले दिवस जमिनीपासून दोन बोटं वरून चालत होते. पट्ट्या कापताना गुणगुणत होते. पेशंटांना गोळ्यांसोबत तारीख सांगत होते: "सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि शनिवारी चार वाजता ग्रंथालयात."

शनिवारी दवाखान्याच्या दारावर डॉक्टरांनी स्वतःच्या अक्षरात सूचना लावली: 'दुपारी दवाखाना बंद. तातडीच्या रुग्णांनी ग्रंथालयात, वरचा मजला.' ती कुणाला वाचता आली नाही, पण सगळे ग्रंथालयातच निघाले होते, म्हणून बिघडलं नाही. बायकोला मात्र एक पोशाख त्याच संध्याकाळी द्यायचा होता. "मी नसले की तुम्ही कमी बावरता," ती म्हणाली, आणि तिने त्यांचा दवाखान्याचा पांढरा कोट कडक इस्त्री करून दिला. दुसरा चांगला कोट त्यांच्याकडे नव्हता.

हॉलमध्ये लांब टेबलं, खिडक्यांतून उन्हाचे पट्टे, आणि कागदांची अशी कुरकुर, की जणू चाळीस माणसं एकदम वर्तमानपत्र उघडतायत. पहिल्या रांगेत आजी, डॉक्टर आणि आम्ही. दुसरीत सोनेरी चष्म्याच्या एक बाई होत्या, टोक काढलेली पेन्सिल आणि वही घेऊन. बाजूला सर, हातात घड्याळ.

कंपाउंडरांच्या आधी एका तरुणाने शिंगांचा भुंगा शिकवला. तो शेवटी फक्त त्यालाच आला. मग कंपाउंडर उठले. पहिली दोन मिनिटं आवाज फुटेना. मग त्यांनी टेबलावर दोन्ही कोपरं टेकली आणि दवाखान्याच्या खिडकीशी वाकतात तसे पुढे वाकले, आणि आवाज आला.

"कोपऱ्यावर कोपरा. घाई नाही. नखाने दाबा."

आणि काय सांगावं! वीस घड्या झाल्या, तीस झाल्या, हॉल त्यांच्या बोटांमागे चालला होता. ज्याचं चुकलं त्याच्या टेबलाशी जाऊन ते हलक्या हाताने घडी सरळ करायचे, जणू नाडी बघतायत. पस्तिसाव्या घडीला मदार उठली तेव्हा चाळीस तोंडांतून एकदम "आहा!" निघालं. भुंगेवाला तरुण पळत पुढे येऊन बसला. डॉक्टरांच्या उंटाला दोन मदारी आल्या होत्या, तर कंपाउंडर म्हणाले, "तशीही जात असते, राहू द्या." हॉल हसला. कंपाउंडरांचे कान आनंदाने लाल झाले. सर घड्याळ बघायचं विसरले.

अठ्ठावन्नावी घडी मानेची. हीच अवघड. मान वर, तोंड खाली. कंपाउंडरांनी आपला उंट सगळ्यांना दिसेल असा डाव्या हातात उंच धरला. तेवढ्यात चष्म्याच्या बाईंनी पेन्सिल वर केली आणि अगदी साधं विचारलं,

"ही घडी मान वळवायच्या आधी की नंतर?"

"नंतर," कंपाउंडर म्हणाले, आणि उजवा हात खिशात गेला, कात्री बाहेर आली. कर्र्.

उंटाचं मुंडकं टेबलावर पडलं.

इतकी शांतता झाली, की ते पडल्याचा आवाज आला. मागच्या रांगेत एक जण शेजारणीला हळूच म्हणाला, "कात्री आणायला सांगितली होती का हो?"

कंपाउंडर हातातल्या कात्रीकडे बघत राहिले. ती तिथे कशी आली हे आम्हा पेशंटांना ठाऊक होतं. हॉलमधल्या बाकीच्यांना नव्हतं. सरांनी जमिनीकडे पाहिलं. नियम त्यांनीच लिहिले होते. कात्री लागलेली रचना वहीत चढत नाही, आणि चाळीस जणांदेखत लागली होती.

"दुसरा कागद घ्या काका," डॉक्टर म्हणाले. पण घड्याळात अकरा मिनिटं उरली होती आणि उंटाला अर्धा तास लागतो, हे सर्वांत आधी उंटाच्या मालकालाच कळलं होतं.

"नको," ते म्हणाले. "झालं ते झालं."

त्यांना टेबल आवरायचं होतं. सुटं काही पडलेलं त्यांना बघवत नाही. पस्तीस वर्षं सुट्या वस्तू पेशंटाच्या हाती गेलेल्या नाहीत. त्यांनी एक आयताकृती कागद ओढला, मधोमध उंटाचं मुंडकं ठेवलं, आणि मान खाली घालून, कुणाकडे न बघता, हात चालवले. दुमड, दुमड, टोकं मागे, कोपरा आत, टोक पोटात, अंगठा. मुंडक्याची पुडी झाली.

ती त्यांनी सवयीने समोरच्या माणसापुढे सरकवली. समोर चष्म्याच्या बाई होत्या. बाईंनी ती कानाशी धरून हलवली. आत उंट खुळखुळला. उघडायला गेल्या, उघडेना. भुंगेवाल्याकडे दिली. त्याने खिशातून पट्टी काढून मोजमापच सुरू केलं. "अहो, हे लागलंय कशाने? डिंक कुठाय?"

"डिंक कशाला? पुडी आहे ती," कंपाउंडर म्हणाले. त्यांना घरी जायचं होतं.

सर उठून आले. पुडी उन्हाच्या पट्ट्यात धरली. "पुडी मला माहीत आहे. आमच्याकडे हिवतापात रोज यायची. ती उघडायची. ही उघडत नाही. हा कोपरा आत वळवलाय, टोक त्यात अडकतंय. हा कोपरा कुणाचा?"

"कोपरा ना? तो असतोच."

"असतोच कसा?" आजी उभ्याच राहिल्या. ऐंशी वर्षांची बाई हात न टेकता उभी राहिलेली आम्ही तेव्हाच पाहिली. "नव्हता! माझ्या चाव्यांनी औषध खाल्लं तेव्हा कुठे होता तो? तुला मी सगळ्या दवाखान्यादेखत झापलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो कोपरा आला. तेवीस वर्षांचा होतास, रडवेला झाला होतास!"

"काका," डॉक्टर म्हणाले, "बाबा नेहमी म्हणायचे, या पोराच्या पुड्या उघडायलासुद्धा डॉक्टर लागतो. ते म्हणायचे, असली पुडी दुसरीकडे कुठे बघितली नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

कंपाउंडरांनी पुडी परत घेतली. कोपऱ्यावर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. आपलंच नाव कुणी दुसऱ्या गावी घेतलेलं ऐकावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

"मोठ्या डॉक्टरांच्या पुडीला नव्हता," ते हळूच म्हणाले. "त्या संध्याकाळी मी बसलो होतो. पाच-पन्नास वाया गेल्या. मग..."

"कागद एक," सर मोठ्याने म्हणाले, जणू वर्गाला. "कात्री नाही. डिंक नाही. पुस्तकात नाही. नऊ मिनिटं आहेत. शिकवा!"

आणि कंपाउंडरांनी शिकवली. आता आवाज शोधावा लागला नाही. चाळीस जणांनी कागद ओढले. आत घालायला कुणी बटण काढलं, कुणी कानातलं, भुंगेवाल्याने भुंग्याचं शिंग मोडून घातलं. "कोपरा आत! नाही, अजून आत. त्याला वाटलं पाहिजे की आपण इथलेच. हां!" लोक पुड्या हलवून बघत होते, हवेत फेकून झेलत होते, एकमेकांना मारून बघत होते. एकही उघडली नाही. आजींच्या थरथरत्या हाताची पुडीसुद्धा नाही. ती त्यांनी खाली आपटली, वर पाय दिला, आणि विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. सात मिनिटांत हॉल पुडीमय झाला. चष्म्याच्या बाईंना 'आधी की नंतर' विचारायचा मोह एकदा झाला होता, पण सरांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

वहीत बत्तिसावी नोंद झाली. रचना: पुडी. सरांनी रचनाकाराच्या रकान्यापाशी पेन धरलं, तेव्हा पहिल्या रांगेतून आम्ही सगळे एकदम ओरडलो, "कंपाउंडर!" सरांनी तेच लिहिलं. खरं नाव नंतर कंसात घातलं.

घरी पोशाख देऊन झाला होता. बायको चिंध्या गोळा करत होती. कंपाउंडर दारातून आत आले ते जवळजवळ उडतच.

"कसा झाला उंट?"

"मुंडकं कापलं."

"कुणी?"

"मीच."

बायकोने चिंध्या खाली ठेवल्या. माणूस नीट निरखला. "आणि एवढे खूश का आहात?"

"बस इथे. बस ना! हात पुस." त्यांनी तिच्यासमोर कागद ठेवला, तिच्याच एका टाचणीसकट, आणि घडी घालायला लावली. तिच्या बोटांना सांगावं लागत नाही. कोपऱ्यापर्यंत ती त्यांच्याही पुढे गेली. मग कोपरा आला. त्यांनी दाखवला. तिने वळवला, टोक आत सरकवलं, अंगठ्याने दाबलं. पुडी ओढून पाहिली, मोडून पाहिली, दिव्याखाली नेली. कापडाचं जे काही तिला येत होतं, ते सगळं तिने मनातल्या मनात उलगडून पाहिलेलं दिसत होतं.

कंपाउंडर पायाच्या चवड्यांवर उभे होते.

"याला आमच्यात," ती म्हणाली, आणि थांबली. पुन्हा कोपरा पाहिला. "याला आमच्यात काही नाव नाही."

"परत म्हण," कंपाउंडर म्हणाले.